जुनी नाणी आणि मेटल डिटेक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी नाणी शोधण्याचा छंद नव्याने लागलेल्यांना आणि यंत्र विकत घेऊन हाती फक्त खिळे लागलेल्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सुरुवात यंत्रापासून केली आहे, पण घाई असेल तर आधी कायद्याचा आणि साठा सापडल्यावर काय करायचं याचा भाग वाचा. यंत्राची चूक सुधारता येते, तिथली सुधारता येत नाही.

डिटेक्टरला जमिनीतलं नाणं कळतं कसं?

कॉइलमध्ये, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या आणि जमिनीवरून फिरवायच्या चकतीत, तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला की खाली सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते नाण्यापर्यंत पोचलं की नाण्याच्या अंगात गोल फिरणारे छोटे प्रवाह सुरू होतात, आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र दुसरं वेटोळं टिपतं. हा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. धातू चांगला वाहक असेल आणि नाणं मोठं, जाड असेल तर उशीर जास्त. या उशिरावरूनच यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं.

म्हणजे यंत्राला सोनं, चांदी किंवा तांबं ‘ओळखता’ येत नाही. वाहकता, आकार आणि जाडी यांची एकत्र मिसळ त्याला दिसते. ही एक गोष्ट पक्की समजली की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप सुटतात.

किती खोलवरचं नाणं सापडतं?

साध्या, चांगल्या यंत्राने 15 ते 20 सेंटीमीटर. जमीन अनुकूल, नाणं मोठं आणि आडवं पडलेलं असेल तर 25, क्वचित 30. ढोबळ अंदाज हवा असेल तर कॉइलचा व्यास धरा.

यापुढे जाणं का जमत नाही? क्षेत्र खाली जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं आणि नाण्याचा प्रतिसाद वर येतानाही तसाच कमी होतो. कॉइलपासून नाणं बरंच दूर असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल जवळपास 64 पट क्षीण होतो. दुप्पट महाग यंत्र दुप्पट खोल जात नाही, ते याच कारणाने. जास्त पैसे मोजून मिळतं ते दुसरं काही: कचऱ्यातून नाणं वेगळं काढण्याची क्षमता, खराब मातीतली स्थिरता, हलकं वजन.

‘30 फूट खोल सोनं दाखवणारं’ यंत्र घ्यावं का?

नाही. दूरवरून किंवा खूप खोलवरून फक्त सोनं ओळखतो असं सांगणारी, हातात धरून अँटेना वळवायची यंत्रं ही फसवणूक आहे. वर सांगितलेला घटीचा नियम कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. दोन चौकटींची मोठी यंत्रं एक-दोन मीटर खोलवरची हंड्याएवढी वस्तू दाखवू शकतात, पण सुटं नाणं त्यांना दिसतच नाही.

मोबाईलमधल्या ‘मेटल डिटेक्टर’ अ‍ॅपचाही उपयोग नाही. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय सेन्सर असतो. तो लोखंडाजवळ हलतो, तांबं, चांदी, सोनं यांच्याजवळ ढिम्म राहतो.

पहिलं यंत्र कोणतं घ्यावं?

तीन प्रकार लक्षात ठेवा.

व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रीक्वेन्सीची) यंत्रं साधारण 3 ते 30 किलोहर्ट्झमध्ये चालतात. एका फ्रीक्वेन्सीचं यंत्र असेल तर नाण्यांसाठी 8 ते 15 किलोहर्ट्झची मधली पट्टी सोयीची. कमी फ्रीक्वेन्सीला मोठी चांदीची आणि तांब्याची नाणी खोलवर लागतात. पातळ, नखाएवढी नाणी त्याहून वरच्या फ्रीक्वेन्सीला जास्त स्पष्ट बोलतात.

एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी यंत्रं खनिजयुक्त मातीत आणि समुद्रकिनारी फार शांत चालतात. बजेटमध्ये बसत असेल तर आम्ही हाच प्रकार सुचवू.

पल्स इंडक्शन यंत्रं प्रवाहाचा झटका देऊन नंतरचा प्रतिसाद ऐकतात. ओली खारी वाळू आणि लोहयुक्त माती त्यांना त्रास देत नाही, पण लोखंड वेगळं काढण्यात ती कच्ची असतात. जुन्या वस्तीच्या जागी, जिथे पावलापावलावर खिळे आहेत, तिथे पल्स यंत्र घेऊन गेलात तर दिवसभर खिळेच खणाल.

पहिल्या यंत्रात चार गोष्टी पाहून घ्या: ग्राउंड बॅलन्स (मातीचा प्रतिसाद वजा करणं, पुढे सांगितलं आहे) हाताने करता येतो का, आकड्यांबरोबर वेगवेगळे स्वर ऐकू येतात का, कॉइल पाण्यात चालते का, आणि सलग दोन-तीन तास हात न दुखता फिरवता येईल एवढं वजन आहे का. शेवटच्या मुद्द्याकडे फार लोक दुर्लक्ष करतात.

कॉइल केवढी असावी?

सर्वसाधारण कामाला 9 ते 11 इंच. खिळे, पत्रे, झाकणं यांचा खच असलेल्या जागी 5 किंवा 6 इंच, कारण लहान कॉइलखाली एका वेळी एकच वस्तू येते. मोठ्या नांगरलेल्या रानात 12 ते 15 इंच चालते, पण तिच्याखाली मातीही जास्त येते, त्यामुळे लोहयुक्त जमिनीत खोली वाढण्याऐवजी कमीही होते.

आतल्या वेटोळ्यांची रचनाही पाहा. डबल-डी कॉइल मधल्या लांब पट्टीत सर्वात संवेदनशील असते आणि खराब मातीत टिकाव धरते. कॉन्सेंट्रिक कॉइलने नेमका बिंदू चांगला सापडतो, पण तिला माती स्वच्छ लागते.

बाकी काय काय लागतं?

पिनपॉइंटर. पेनापेक्षा थोडं जाड असं हातातलं छोटं यंत्र, ज्याचं टोक नाण्यापासून 2 ते 5 सेंटीमीटरवर आलं की थरथरतं. याच्याशिवाय मातीच्या ढिगात मातीच्याच रंगाचं नाणं शोधणं हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे.

दातेरी कडेचं मजबूत खुरपं, शेतासाठी आखूड दांड्याचं फावडं, हेडफोन, जाड हातमोजे, माती ठेवायला 50 सेंटीमीटर चौरस कापड, कचऱ्यासाठी वेगळी पिशवी, कापूस घातलेली छोटी डबी आणि नोंदवही. बुटांच्या टोकात लोखंड नको, नाहीतर प्रत्येक पावलाला यंत्र ओरडतं. कॉइलजवळ जाणाऱ्या हातातली अंगठी आणि कडंही काढून ठेवा.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे काय, आणि तो कसा करायचा?

मातीतही लोहखनिजं असतात आणि तीही प्रतिसाद देतात. तो प्रतिसाद वजा करायला यंत्राला शिकवणं म्हणजे ग्राउंड बॅलन्स. बेसॉल्टपासून झालेली काळी माती आणि जांभ्याची तांबडी माती या दोन्हींत हे खनिज भरपूर असतं, म्हणून तिथे कंपनीच्या मूळ सेटिंगवर अवलंबून राहू नका.

आधी जिथे कोणताच सिग्नल येत नाही असा हातभर तुकडा शोधा. बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून 2-3 सेंटीमीटरपासून 25-30 सेंटीमीटरपर्यंत पाच-सहा वेळा वर-खाली करा. खाली नेताना आणि वर घेताना आवाज सारखा राहिला की झालं. बॅलन्स करताना कॉइलखाली चुकून धातू असेल तर यंत्र त्यालाच माती समजून बसतं. मग पुढचा तासभर तशीच वस्तू त्याला नीट दिसत नाही, आणि हे लक्षातही येत नाही. मातीचा रंग बदलला, चढावरून ओढ्याकाठी उतरलात किंवा पाऊस पडून गेला, की पुन्हा बॅलन्स करा.

यंत्र नुसतं बडबडतंय. बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. कॉइल जमिनीपासून वर, हवेत स्थिर धरा. तरीही आवाज येत असेल तर विजेचा अडथळा आहे: वरून जाणाऱ्या तारा, जमिनीतली केबल, विद्युत कुंपण, शेजारी चालू असलेला दुसरा डिटेक्टर किंवा खिशातला मोबाईल. फोन एअरप्लेन मोडवर टाका, यंत्राची फ्रीक्वेन्सी एक-दोन पायऱ्या सरकवा.

हवेत शांत आणि जमिनीवर बडबड असेल तर दोष मातीचा किंवा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे यंत्र किती क्षीण सिग्नलही ऐकवतं त्या सेटिंगचा. सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी खाली आणा, शांत होईल तिथे थांबा. पूर्ण वर ठेवली तर खोली वाढते असं वाटतं, पण गोंगाटात खोलवरच्या नाण्याचा बारीक सूर बुडून जातो. कॉइलची तार दांड्याभोवती सैल गुंडाळली असेल तरी हलताना खोटे आवाज येतात. ती घट्ट बांधा.

कॉइल फिरवायची कशी?

जमिनीपासून 1 ते 3 सेंटीमीटरवर, पूर्ण समांतर. झुल्याच्या टोकाला कॉइल वर उचलली जाणं ही जवळपास प्रत्येक नवशिक्याची सवय असते. टोकाला 10 सेंटीमीटर वर गेलात तर तेवढीच खोली तिथे गमावली. डावीकडून उजवीकडे आणि परत यायला तीनेक सेकंद घ्या, आणि पुढचा झुला आधीच्या पट्ट्यावर निम्मा येऊ द्या. अर्धा गुंठा जागा अशी सावकाश शोधलेली बरी. तेवढ्याच वेळात एकरभर धावून हाती फक्त वरवरचं लागतं.

पडद्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

आकड्यांची पट्टी प्रत्येक यंत्राची वेगळी असते, म्हणून दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे पाठ करून उपयोग नाही. क्रम मात्र बहुतेक सारखाच: तळाला लोखंड, मग पातळ फॉइल, मग तांबे-निकेल मिश्रणाची नाणी आणि लहान सोन्याच्या वस्तू, मग डब्यांच्या पत्र्याच्या कड्या, मग कांस्य, तांबं, आणि सर्वात वर मोठी चांदी.

हा क्रम मिश्रधातूवर फार अवलंबून असतो. चांदी तांब्यापेक्षाही किंचित जास्त वाहक आहे, पण 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल यांच्या मिश्रणाची वाहकता शुद्ध तांब्याच्या विसाव्या हिश्शाएवढीच उरते. म्हणून एकाच आकाराची दोन नाणी पट्टीच्या दोन टोकांना दिसतात. ब्रिटिश नाण्यांचं उदाहरण घ्या: 1920 पर्यंत 92.5 टक्के चांदी, मग 50 टक्के, आणि 1947 पासून तांबे-निकेल. भारतातला रुपया घ्या: 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा रुपया 1940 मध्ये 50 टक्क्यांवर आला आणि 1947 चा रुपया तर निकेलचा निघाला. निकेल चुंबकाला चिकटतं, त्यामुळे त्याचा सिग्नल लोखंडासारखा वेडावाकडा येतो आणि लोक तो सोडून पुढे जातात. रोमन चांदीची नाणी तिसऱ्या शतकात इतकी भेसळीची झाली, की दिसायला चांदी आणि यंत्राला जवळपास तांबं-कांस्य.

जाडीही तितकीच महत्त्वाची. शुद्ध चांदीचं, पण कागदासारखं पातळ आणि 10-12 मिलीमीटर व्यासाचं नाणं पट्टीच्या मधोमध, थेट कचऱ्याच्या आकड्यांत येऊन बसतं. दोन नाणी एकमेकांवर चिकटलेली असतील तर आकडा वर सरकतो. खोल गेलेल्या नाण्याचा आकडा डळमळतो, बऱ्याचदा खाली घसरतो.

म्हणून स्वतःचा तक्ता करा. हातात असलेली जुनी-नवी नाणी, अंगठी, खिळा, बाटलीचं झाकण, फॉइलचा गोळा हे एकेक करून कॉइलपुढे 10 सेंटीमीटरवरून फिरवा आणि आकडा व स्वर लिहून ठेवा. तासाभराचं काम आहे. वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

नाण्यासारखा स्वच्छ सूर आला आणि निघाला गंजका खिळा. असं का?

लोखंडाचा प्रतिसाद दुहेरी असतो. एक चुंबकीय, जो यंत्राला ‘लोखंड’ म्हणून कळतो. दुसरा त्याच्या पृष्ठभागावर फिरणाऱ्या प्रवाहांचा, जो चांगल्या वाहकासारखा दिसतो. वस्तू सपाट, गोल किंवा कडीसारखी असेल तर दुसरा प्रतिसाद वरचढ ठरतो. वॉशर, पत्र्याचा तुकडा, नालेचा भाग, वाकलेला खिळा ही नेहमीची फसवी मंडळी. गंज आजूबाजूच्या मातीत पसरला असेल तर वस्तू आहे त्याहून मोठीही भासते.

खणण्याआधी या तपासण्या करा. सिग्नलवर उभे राहा, मग 90 अंशांत वळून दुसऱ्या बाजूने कॉइल फिरवा. नाणं गोल असल्याने दोन्हीकडून सारखंच बोलतं. खिळा एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत. मग कॉइल हळूहळू सिग्नलच्या कडेकडे न्या. कडेला लोखंडाची घरघर ऐकू आली तर संशय घ्या. शेवटी पिनपॉइंट मोडमध्ये (वस्तूचा नेमका बिंदू दाखवणाऱ्या सेटिंगमध्ये) बघा: सिग्नलचं केंद्र आधी ऐकलेल्या जागेपासून चार-पाच सेंटीमीटर बाजूला सरकलं, तर ते बहुधा लोखंड.

एवढं करूनही शंका राहिली तर खणा. नाणं आणि खिळा शेजारी पडले असतील तर सूर असाच तुटक येतो, आणि जुन्या वस्तीतली चांगली नाणी बरेचदा अशा तुटक सुरांतच दडलेली असतात.

मग डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज बंद करणारी सेटिंग) वाढवून सगळा कचरा बंदच का करू नये?

कारण बंद केलेल्या खिळ्याबरोबर त्याच्या शेजारचं नाणंही गप्प होतं. फक्त तळाचं लोखंड कमी आवाजात ठेवा, बाकी सगळं ऐका. फॉइलचा पट्टा बंद केला की पातळ नाणी आणि लहान सोनंही गेलं.

सराव कसा करायचा?

स्वतःच्या जागेत तीन मीटरची पट्टी आधी पूर्ण साफ करून घ्या. मग 50 सेंटीमीटर अंतराने 5, 10, 15 आणि 20 सेंटीमीटर खोलीवर सारखी नाणी आडवी पुरा. आणखी एक उभं, कडेवर. आणखी एक, शेजारी 5 सेंटीमीटरवर खिळा ठेवून. नकाशा काढून ठेवा. नाणी साधी, चलनातली घ्या.

उभ्या नाण्याचा सिग्नल आडव्याच्या मानाने किती अरुंद आणि अशक्त असतो ते इथे कळतं. नुकतं पुरलेलं नाणं मात्र तितक्याच खोलीवरच्या जुन्या नाण्यापेक्षा कमी बोलतं, कारण वरची माती मोकळी आणि विस्कटलेली असते. दोन-तीन पावसांनी ती बसली की निकाल सुधारतो.

नाण्याला ओरखडा न पाडता, गवत न मारता खणायचं कसं?

आधी नेमका बिंदू. कॉइल एका दिशेने फिरवा, मग काटकोनात. दोन रेषा जिथे छेदतात तिथे नाणं. पिनपॉइंट मोड वापरत असाल तर बटण सिग्नलच्या बाजूला, रिकाम्या जमिनीवर दाबा आणि मग आत सरका.

गवत असेल तर बिंदूभोवती 12 ते 15 सेंटीमीटर बाजूची यू आकाराची चीर द्या, तीनच बाजू कापा. चौथी जोडलेली राहू द्या, म्हणजे मुळं जिवंत राहतात आणि झाकण पुन्हा त्याच जागी बसतं. चीर 10 सेंटीमीटर खोल, सरळ. झाकण उलटवून आधी त्याच्याच तळाशी पिनपॉइंटर फिरवा, कारण नाणं पुष्कळदा तिथेच अडकलेलं असतं. नसेल तर खड्ड्यातली माती कापडावर काढा, जमिनीवर नको. नाणं निघाल्यावर खड्डा पुन्हा तपासा. मग कापडावरची माती ओता, झाकण बसवा, पायाने घट्ट दाबा. कडक उन्हाळ्यात आणि कोरड्या जमिनीत हिरवळीवर खणूच नका, कितीही काळजी घेतली तरी तो चौकोन पिवळा पडतो.

शेतात फावडं बिंदूपासून 15 सेंटीमीटर लांब खुपसा आणि अख्खं ढेकूळ उचला. सिग्नलच्या मधोमध टोकदार हत्यार मारणं हा नाणं बाद करण्याचा खात्रीचा मार्ग. ताज्या ओरखड्याचं चकचकीत तांबं नंतर कशानेही झाकलं जात नाही.

खड्डा बुजवला नाही तर त्यात जनावराचा पाय अडकून मोडतो. मालक पुन्हा कोणालाच आत सोडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सिग्नल होता, खणल्यावर गायब झाला. कुठे गेलं?

चार शक्यता. नाणं काढलेल्या मातीत आलं आहे: कापडावर कॉइल फिरवा. ते खड्ड्याच्या भिंतीत आहे: पिनपॉइंटर चारही बाजूंनी फिरवा. ते सरकून उभं झालं आहे आणि आता क्षीण बोलतंय. किंवा मुळात नाणं नव्हतंच, गंजाचा थर होता आणि तो फुटून विखुरला. लोहयुक्त दगडही असे खोटे सूर देतात. दगड असेल तर कॉइल थोडी वर उचलताच आवाज एकदम पडतो.

जुनी नाणी कुठे मिळण्याची शक्यता जास्त?

माणसं जिथे थांबली, बसली, पैसे मोजले तिथे. जुन्या पायवाटा, नदीचे उतार, नावेचे धक्के, बाजार भरायची मैदानं, जुन्या झाडांच्या सावल्या, पडक्या घरांचे उंबरे. जुने नकाशे आणि महसुली नोंदी आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून पाहा. नाहीसा झालेला रस्ता पिकाच्या रंगातल्या फरकात दिसतो.

नांगरलेलं शेत सर्वात चांगलं. पीक निघाल्यावर, नांगरट होऊन एक-दोन पाऊस पडून ढेकळं बसल्यावर जा. नांगर 20-25 सेंटीमीटरपर्यंतची माती उलटवत असल्याने नाणी दरवर्षी जागा बदलतात. ओलसर मातीत वाहकता वाढते आणि जुन्या नाण्याचा सिग्नल थोडा बळकट होतो. किनाऱ्यावर वादळानंतर, वाळू वाहून गेल्यावर खालचा कठीण थर उघडा पडतो, तेव्हाच खरी संधी.

परवानगी आणि कायदा?

हा या छंदातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे, आणि देशागणिक नियम अगदी वेगळे आहेत. जमीनमालकाची लेखी परवानगी सगळीकडेच घ्या. त्यात सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा.

भारतात 1878 चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की ती काय आहे, कुठे आणि कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. किल्ले, लेणी, जुनी मंदिरं आणि त्यांचा परिसर डिटेक्टरसाठी नाहीच असं समजा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार 300 वर्षांहून जुनी, एकाच ठिकाणची, किमान 10 टक्के सोनं-चांदी असलेली दोन नाणी सापडली तर 14 दिवसांत कॉरोनरला (अशा शोधांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. सोनं-चांदी त्याहून कमी असेल तर दहा नाण्यांपासून. आयर्लंडमध्ये पुरावस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायलाच सरकारी संमती लागते. फ्रान्समध्येही तसंच आहे. परदेशी जाताना यंत्र बॅगेत टाकण्याआधी तिथला नियम वाचा.

एका जागी बरीच नाणी निघाली तर?

थांबा. आणखी एकही काढू नका.

एप्रिल 2010 मध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ एका छांदिष्टाला रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. काही नाणी आणि मडक्याचा काठ दिसताच त्याने खणणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं. एकूण 52,503 नाणी, वजन सुमारे 160 किलो. सगळ्यांत शेवटच्या काळातली नाणी वरच्या थरात सापडायला हवी होती, पण ती मोठ्या प्रमाणात खालच्या भागात होती. म्हणजे ती वर्षानुवर्षं थोडी थोडी साठवलेली पुंजी नव्हती, मडकं एकदमच भरलं गेलं होतं. छांदिष्टाने भराभर पिशवीत भरली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती, ही माहिती मात्र कायमची गेली असती.

तुमच्या बाबतीतही तसंच करा. उघडं पडलेलं ओल्या मातीने झाका, मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि फोटो घ्या, खड्ड्याची खोली लिहा, मालकाला सांगा आणि संबंधित कार्यालयाला कळवा. समाजमाध्यमांवर फोटो टाकू नका, रात्रीतून जागा उकरली जाते.

सुट्या नाण्याची नोंद काय ठेवायची?

तारीख, अक्षांश-रेखांश (पाच दशांश स्थळं, म्हणजे साधारण मीटरभर अचूक), खोली, मातीचा प्रकार, यंत्राचा आकडा, वजन 0.01 ग्रॅमपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी पट्टी ठेवून. प्रत्येक नाण्याच्या पुडीवर नोंदवहीतलाच क्रमांक टाका. दहा साधी झिजलेली तांब्याची नाणी नकाशावर एका रेषेत आली तर तिथे रस्ता होता हे कळतं. नोंद नसेल तर ती फक्त दहा झिजलेली नाणी.

सापडलेलं नाणं धुवायचं का?

जागेवर अजिबात नाही. बोटाने माती चोळणं म्हणजे वाळूच्या कणांनी घासणं, आणि पहिल्या उत्साहात बहुतेक नाणी इथेच बिघडतात. तसंच डबीत ठेवा.

घरी डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला. माती सैल व्हायला काही तासांपासून काही आठवडे लागतात. सुटेल तेवढी लाकडी दातकोरणीने किंवा मऊ ब्रशने, थेंबभर पाण्याखाली काढा. धुतल्यावर मऊ कापडाने टिपा, पुसू नका.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, तारेचा ब्रश, भांडी घासायची पूड यांतलं काहीही नको. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हाच नाण्याचा पृष्ठभाग असतो. अक्षरं त्या थरात असतात, खालच्या धातूत पुष्कळदा उरलेलीच नसतात. आम्ल तो थर खातं आणि गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांची चकती उरते. बॅटरी लावून गंज उडवण्याची पद्धतही हेच करते, फक्त जास्त वेगाने.

तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी पूड येतेय. काय करावं?

थर गुळगुळीत आणि गडद असेल तर काळजी नाही. फिकट, भुसभुशीत, नखाने सुटणारी आणि पुसली तरी पुन्हा येणारी पूड असेल तर तो कांस्यरोग. धातूतलं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी आणि ऑक्सिजनशी संयोग पावून आम्ल तयार करतं, आणि ते आतून आणखी धातू खातं. नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा आणि सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवा. 5 टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे भिजवून, द्रावण बदलत क्लोराइड काढता येतं. पण त्याने थराचा रंग बदलू शकतो, म्हणून मौल्यवान नाणं संवर्धकाकडेच द्या.

ठेवायचं कशात?

पॉलिएस्टरच्या पाकिटात किंवा आम्लरहित कागदात. मऊ, वास येणारी पीव्हीसी पाकिटं काही वर्षांत चिकट हिरवा थर सोडतात. नाणं कडेने धरा. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा.

यात धोका काय आहे?

जुन्या युद्धभूमीवर किंवा लष्करी सरावाच्या जागी न फुटलेला दारूगोळा सापडतो. जड, गंजकी, नळकांड्यासारखी किंवा पंख असलेली वस्तू दिसली तर हात लावू नका, हलवू नका. खूण करून दूर जा आणि पोलिसांना कळवा. पिनपॉइंटरनेही टोचू नका.

काचा, पत्रे, विंचू, साप यांच्यासाठी हातमोजे आणि उंच बूट. दगड आधी फावड्याने उलटवा. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी. लांब, सरळ रेषेत सलग येणारा जोरदार सिग्नल म्हणजे बहुधा वीजवाहिनी किंवा पाइप, तिथे खणू नका.

एक जागा पूर्ण शोधून झाली असं कधी समजायचं?

लवकर नाही. आधी उत्तर-दक्षिण चाललात तर पुढच्या वेळी पूर्व-पश्चिम चाला, उभी नाणी तेव्हा बोलतात. मोठी कॉइल काढून 6 इंची लावा. पावसानंतर पुन्हा या. वरचा कचरा जसजसा निघतो तसतसा त्याखाली झाकला गेलेला क्षीण सूर मोकळा होतो, म्हणून झाकणं आणि पत्रेही पिशवीत भरून घेऊन जा. शेत असेल तर पुढच्या नांगरटीनंतर तीच जमीन नव्याने शोधण्याजोगी झालेली असते.